ओल्या जखमेला धरणारा गोंद : कोल्हापुरातील संशोधक आणि सर्जन मंडळींना खुले पत्र

प्रति,
कोल्हापुरातील विद्यापीठांचे कुलगुरू, वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाते, पीएच.डी.चे मार्गदर्शक आणि शस्त्रक्रिया विभागांतील माझे सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गेली सत्तावीस वर्षे या जिल्ह्यात सर्जन म्हणून काम करतो. शिंपले, गोगलगाई, कोळी अशा जीवांच्या चिकटण्यावरून सुचलेले हायड्रोजेलचे गोंद, म्हणजे पोटात भरपूर पाणी धरून ठेवणारे आणि तरीही ओल्या ऊतींना घट्ट बिलगणारे मऊ पदार्थ, यांवर आपल्या शहरातली तरुण मुले-मुली काम करू लागली आहेत. त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण मी जे थोडेफार पाहिले त्यावरून हे काम सध्याच्या वाटेने ऑपरेशन थिएटरपर्यंत येईल असे मला वाटत नाही, आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझी विनंती एकच आहे. कोणत्या जखमेसाठी गोंद करायचा हे रसायन निवडण्याआधी सर्जनबरोबर बसून ठरवावे, आणि त्या गोंदाची पहिली चाचणी रक्ताने भिजलेल्या, हलत्या ऊतीवर घ्यावी.

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात करवीर तालुक्यातल्या एका गावाहून एका आजींना माझ्याकडे आणले होते. गोठ्यात पाय घसरून पत्र्याची कड नडगीवर लागली होती. दम्यासाठी बरीच वर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्यामुळे त्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. मी जवळ होता तो सर्वांत बारीक दोरा घेतला, सुई कडेपासून लांब घातली, गाठ हलक्या हाताने बसवली, तरी दोरा कातडी चिरत बाहेर आला. चारपैकी तीन टाके असे फाटले आणि सरळ असलेली जखम माझ्या हातून वेडीवाकडी झाली. मग चिकटपट्ट्या लावल्या, त्या पाझरणाऱ्या रक्तपाण्याने तासाभरात सुटल्या. आजी मात्र मलाच धीर देत होत्या. "राहू दे डॉक्टर, भरंल आपोआप," असे त्या म्हणाल्या. ती जखम भरायला अडीच महिने लागले, आणि त्या अडीच महिन्यांत दर तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगसाठी त्यांचा मुलगा कामाचा खाडा करून त्यांना मोटारसायकलवर घेऊन येत असे.

अशी उदाहरणे प्रत्येक सर्जनकडे असतात. अपघातात फाटलेले यकृत शिवायला गेले की टाक्याच्या भोकातूनच पुन्हा रक्त येते. फुप्फुसाच्या चिरेतून हवा गळत राहते आणि छातीतली नळी दिवसेंदिवस काढता येत नाही. आतड्याची जोडणी कितीही मन लावून केली तरी पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत गळतीची धास्ती मनातून जात नाही. सुश्रुतसंहितेत फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्या डसवाव्यात आणि मग धड तोडून डोके तेवढे तिथे राहू द्यावे, असे सांगितले आहे. निसर्गातली पकड जखमेसाठी वापरण्याचा विचार आपल्याकडे इतका जुना आहे, आणि तरीही आज माझ्या ट्रेमध्ये ओल्या ऊतीसाठी समाधानकारक असे फारसे काही नाही. सायनोॲक्रिलेटचा गोंद त्वचेवरच्या छोट्या, कोरड्या करता येणाऱ्या जखमांना चांगला आहे, पण तो घट्ट होताना ऊब सोडतो, वाळल्यावर काचेसारखा कडक होतो आणि शरीराच्या आत त्याचे विघटन झाल्यावर निघणारे पदार्थ त्रासदायक ठरतात. फायब्रिन ग्लू शरीराला मानवतो, कारण तो रक्तातल्याच प्रथिनांपासून केलेला असतो, पण त्याची पकड कमजोर आहे आणि किंमत अशी की तालुक्याच्या ठिकाणी तो मागवताना नातेवाइकांच्या तोंडाकडे पाहवत नाही.

अडचणीचे मूळ पाण्यात आहे. गोंदाला पृष्ठभागाशी नाते जोडायचे असते आणि ओल्या ऊतीवर त्या दोघांच्या मध्ये पाण्याचा पातळ थर आधीच बसलेला असतो. त्या थराला हटवल्याशिवाय कोणताही बंध तयार होत नाही. हे कोडे समुद्रातल्या जीवांनी कसे सोडवले आहे ते पाहायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. मालवणच्या बाजूला ओहोटीच्या वेळी खडकावरचे शिणाणे, म्हणजे ते हिरवट कडांचे लांबट शिंपले, हाताने ओढून पाहावेत. शिंपल्याच्या फटीतून काथ्यासारखे तपकिरी धागे निघालेले दिसतात आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला खडकावर दाबून बसलेली एक बारीक चकती असते. मी एकदा असा एक शिंपला नेट लावून उपटला तेव्हा धागे मधेच तुटले आणि चकत्या खडकावरच राहिल्या. लाटांच्या सततच्या माऱ्यात हा जीव काही मिनिटांत नवा धागा ओततो आणि पाण्याखालीच चिकटवतो.

हर्बर्ट वेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली या चिकट प्रथिनांमध्ये डोपा नावाचे अमिनो आम्ल मोठ्या प्रमाणावर असल्याचे दाखवले, आणि तिथून या विषयाला दिशा मिळाली. डोपाच्या टोकाला कॅटेकॉल नावाचा रासायनिक गट असतो. तो पाण्याला बाजूला सारून पृष्ठभागाला धरतो, धातूच्या आयनांशी जोडला जातो, आणि त्याचे ऑक्सिडीकरण झाले की ऊतीतल्या प्रथिनांशी पक्के बंध करतो. 2007 साली फिलिप मेसरस्मिथ यांच्या गटाने डोपामाइन या कॅटेकॉल असलेल्या छोट्या रेणूच्या सौम्य अल्कधर्मी द्रावणात वस्तू बुडवून ठेवली की जवळजवळ कोणत्याही पृष्ठभागावर पातळ लेप बसतो हे दाखवले, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत कॅटेकॉलची लाट आली. आपल्याकडेही ती आली आहे. पण शिंपल्याच्या युक्तीचा अर्धाच भाग आपण उचलतो असे मला दिसते. चिरलेले वांगे उघडे राहिले की काळे पडते, कारण त्यातल्या याच जातीच्या पदार्थांचे हवेत ऑक्सिडीकरण होते. कॅटेकॉलचे द्रावण टेबलावर उघडे राहिले की तेही तसेच तपकिरी होते आणि पृष्ठभागाला धरण्याची त्याची ताकद ऊतीवर पोहोचण्याआधीच खर्ची पडते. शिंपला मात्र चकतीच्या आत आम्लधर्मी वातावरण राखतो आणि गंधकयुक्त गट असलेले एक वेगळे प्रथिन सोडून डोपाचे ऑक्सिडीकरण रोखून धरतो. शिवाय डोपाच्या शेजारी लायसिन हे दुसरे अमिनो आम्ल असले की ते पृष्ठभागावर चिकटून बसलेले क्षारांचे आयन हुसकावून डोपाला जागा करून देते, हे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या कामातून पुढे आले. ही वेळेची आणि शेजाराची शिस्त ज्या गोंदात नाही, तो बाटलीत कितीही चिकट वाटला तरी जखमेवर थकलेलाच पोहोचतो.

दुसरा गुरू जमिनीवरचा आहे. युरोपातली एरियन सबफस्कस ही शंख नसलेली गोगलगाय धोका जाणवला की पाठीवरून असा चिकट स्राव सोडते की तिला जागेवरून उचलणे अवघड जाते. हा स्राव नुसता चिकटत नाही, ताणला गेला तरी तुटत नाही, आणि सर्जनच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. गोंद ऊतीला पक्का धरून बसला आणि स्वतःच मधून फाटला तर त्याचा काय उपयोग? 2012 साली हार्वर्डच्या गटाने अल्जिनेट आणि पॉलिॲक्रिलामाइड या दोन पॉलिमरांची, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंची, दोन जाळी एकमेकांत गुंफून सुमारे नव्वद टक्के पाणी असलेले आणि मूळ लांबीच्या वीस पटींहून जास्त ताणले जाणारे हायड्रोजेल केले. ताण आला की कॅल्शियमने बांधलेले अल्जिनेटचे बंध सुटत जातात आणि धक्का पचवतात, तर दुसरे जाळे आकार टिकवून धरते. 2017 साली जियान्यू ली आणि डेव्हिड मूनी यांनी याच जेलला खालून कायटोसानसारख्या धनभारित पॉलिमरचा थर दिला आणि रक्ताने माखलेल्या, धडधडणाऱ्या डुकराच्या हृदयावर तो चिकटवून दाखवला. डुकराच्या त्वचेवर त्या पकडीची ऊर्जा, म्हणजे चिकटलेला भाग सोलून काढायला लागणारी ऊर्जा, त्यांनी 1000 ज्यूल प्रति चौरस मीटरच्या घरात मोजली. आकड्याबरोबर मी हृदयाचा उल्लेख मुद्दाम करतो आहे, कारण त्यांनी चाचणीसाठी फक्त सोपी जागा निवडली नाही.

पुढच्या दोन कामांचा उल्लेख थोडक्यात करतो. 2019 साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या झुआनहे झाओ यांच्या गटाने कोरडी दुहेरी चिकटपट्टी केली. कोळ्याच्या जाळ्यावरचा स्राव भिजलेल्या किड्याच्या अंगावरचे पाणी शोषून घेतो, तशी ही पट्टी ऊतीवरचे पाणी आधी पिते आणि मग पाच सेकंदांत धरते. 2021 साली त्याच गटाने खडकांना आणि बोटींच्या बुडाला चिकटणाऱ्या बार्नॅकलवरून एक पेस्ट केली. त्या जीवाच्या गोंदात तेलकट भाग पुढे जाऊन पृष्ठभाग साफ करतो आणि मागून प्रथिने चिकटतात. पेस्टमध्येही चिकट कण तेलात कालवलेले असतात, दाब दिला की तेल रक्ताला बाजूला ढकलते आणि कण एकमेकांना व ऊतीला धरतात. रक्त गोठण्याची वाट त्यात पाहावी लागत नाही. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णाचे पोट उघडावे लागलेल्या कोणत्याही सर्जनला याचे मोल समजावून सांगायची गरज नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. दीडेक वर्षापूर्वी मला एका प्रयोगशाळेत बोलावले होते. ती कुठली हे सांगण्यात अर्थ नाही, कारण तिथे जे पाहिले ते अनेक ठिकाणी तसेच असते. एका विद्यार्थिनीने बकऱ्याच्या कातडीचे दोन तुकडे गोंदाने जोडून खाली वजने टांगली होती. काम नेटके होते, नोंदी स्वच्छ होत्या, आणि जोड सहज दोन किलो पेलत होता. तुकडे चिकटवण्याआधी काय केले असे मी विचारले तेव्हा तिने सांगितले की टिश्यू पेपरने टिपून घेतले, पाच मिनिटे हवेवर ठेवले आणि गोंद लावून अर्धा तास दाबून ठेवले. मी तिला विनंती केली की न टिपता, वर रक्त घालून एकदा करून पाहू या. खाटकाकडून कातडीबरोबर आलेले थोडे रक्त तिच्या फ्रीजमध्ये होते. ते ओतले, गोंद लावला, मिनिटभर दाबले, आणि पहिलेच वजन अडकवताना खालचा तुकडा साबणाच्या वडीसारखा सरकून ट्रेमध्ये पडला. तिचा चेहरा उतरला. तिचा दोष काहीच नव्हता. तिला जी पद्धत दिली होती ती तिने मन लावून पाळली होती. यकृतातून रक्त उसळत असते तेव्हा सर्जनजवळ पाच मिनिटेही नसतात, अर्धा तास तर दूरच, हे तिला कोणीही सांगितले नव्हते. तीन वर्षांत एकही सर्जन त्या टेबलाजवळ फिरकला नव्हता, आणि त्यात मीही आलो.

म्हणून मार्गदर्शकांना माझे सांगणे आहे की पहिल्याच महिन्यात नमुना रक्तात भिजवा. आपल्या शहरात रोज सकाळी ताजे मटण मिळते, त्याबरोबर कलेजी, फुप्फुस, वजरी आणि मूत्राशयही मिळू शकते, आणि या ऊती प्रयोगशाळेतल्या साठवलेल्या कातडीपेक्षा खऱ्या शरीराच्या कितीतरी जवळच्या आहेत. फुप्फुसाला भोक पाडून गोंद लावावा, हवा भरावी आणि किती दाबाला ते सुटते ते मोजावे. आतड्याची जोडणी करून पाण्याच्या दाबाखाली पाहावी. सर्व चाचण्या 37 अंश सेल्सिअसला व्हाव्यात, आणि चिकटवल्यावर लगेच जितकी पकड मिळाली तितकीच एक दिवस व एक आठवडा द्रवात ठेवल्यावर राहते का हे नोंदवावे. शस्त्रक्रियेच्या गोंदांसाठी फुटण्याचा दाब, घसरण आणि सोलून निघणे मोजण्याच्या एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या पद्धती ठरलेल्या आहेत. त्याच वापरल्या तर आपले आकडे दुसऱ्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील. जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांचा विचार आणि त्यासाठीची नैतिक समितीची परवानगी ही या सगळ्यातून तावून सुलाखून निघालेल्या नमुन्यासाठीच मागावी.

माझ्या सर्जन सहकाऱ्यांनाही काही सांगायचे आहे, कारण चूक निम्मी आपली आहे. रसायनशास्त्रज्ञ चिकटपणा वाढवत बसतात, कारण आपण त्यांना दुसरे काही सांगितलेलेच नसते. हायड्रोजेल शरीरात पाणी पिऊन फुगते, आणि मणक्याजवळ किंवा मूत्रनलिकेशेजारी फुगलेला गोंद नसेला वा नळीला दाबू शकतो, हे आपल्याला माहीत आहे, त्यांना ते आपणच सांगायला हवे. चुकीच्या जागी लागलेला गोंद काढता यायला हवा, हेही आपण सांगायला हवे. एखादे निरुपद्रवी द्रावण शिंपडून पकड सोडवता येणाऱ्या पट्ट्यांवर बाहेर काम झालेले आहे. त्वचेच्या जखमेला लागणारा गोंद, फुप्फुसाचा गोंद आणि आतड्याचा गोंद हे तीन वेगळे पदार्थ असू शकतात. एकाला दोन आठवड्यांत विरघळायचे असते, दुसऱ्याला श्वासागणिक ताणले जायचे असते. "सर्व ऊतींसाठी उपयुक्त" असे प्रबंधाच्या शेवटी लिहिलेले वाक्य मला नेहमी काळजीत टाकते.

कोल्हापूरने स्वतःची जखम निवडावी असे मला वाटते, आणि ती निवडताना ऑगस्ट 2019 आठवावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे, त्या महापुरात पाणी 55 फुटांच्या वर गेले, महामार्ग बंद पडला आणि कित्येक दिवस शहराचा बाहेरशी संबंध तुटला. 2021 साली पुन्हा तेच झाले. मदत केंद्रावर माझ्यापुढे आलेली माणसे पत्र्याने, काचेने, काट्याने कापलेले पाय घेऊन दोन-दोन दिवस पाण्यात चालून आलेली होती. त्यांची कातडी फुगून पांढरी पडली होती आणि आमच्याकडची एकही चिकटपट्टी तिच्यावर ठरत नव्हती. आम्ही गॉजवर प्लास्टिकची पिशवी बांधून माणसे परत पाठवली. धुऊन जंतू काढलेल्या, पण पूर्ण कोरड्या न करता येणाऱ्या त्वचेवर चिकटणारे, फ्रीजशिवाय टिकणारे आणि आरोग्यसेविकेला लावता येईल असे ड्रेसिंग, हे आजींच्या नडगीलाही लागू पडले असते आणि गळीत हंगामात कोयत्याने हात कापून घेणाऱ्या ऊसतोड मजुरालाही. हृदयावरच्या पट्टीपेक्षा हे काम साधे दिसेल, पण शरीराबाहेर वापरायच्या वस्तूला सुरक्षिततेच्या परीक्षा कमी कठोर असतात आणि विद्यार्थ्याच्या चार-पाच वर्षांत ते खऱ्या रुग्णाच्या जवळ नेता येईल.

कच्चा मालही परका नाही. कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून होतो आणि कोकणपट्टी घाट उतरला की सुरू होते. अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळापासून मिळते. मात्र टरफलापासून केलेल्या प्रत्येक घाण्यात, म्हणजे बॅचमध्ये, रेणूंच्या साखळीची लांबी आणि रासायनिक प्रमाण बदलते, आणि या बदलामुळे सहा महिन्यांपूर्वीचा उत्तम निकाल पुन्हा येत नाही. त्यामुळे घाण्याघाण्याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी लागेल. निर्जंतुकीकरणाचेही तसेच आहे. गॅमा किरणांनी कायटोसान आणि अल्जिनेटच्या साखळ्या तुटतात, ऑटोक्लेव्हच्या उष्णतेने जेल बिघडू शकते, आणि इथिलीन ऑक्साइड वापरला तर त्याचे अवशेष पूर्ण निघून जाईपर्यंत थांबावे लागते. निर्जंतुक न केलेल्या नमुन्याचे आकडे म्हणजे माझ्या दृष्टीने वेगळ्याच वस्तूचे आकडे आहेत. वैद्यकीय उपकरणांचे 2017 चे नियम आणि आयएसओ 10993 या मानकाखालच्या जैवसुसंगततेच्या, म्हणजे वस्तू शरीराला मानवते का याच्या, चाचण्या हा पीएच.डी.नंतरचा विषय समजला जातो. तो संशोधनाचा आराखडा मांडतानाच वाचून घ्यावा.

हे सर्व आपल्या देशात होऊ शकते याचा पुरावा तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने दिलेला आहे. तिथे डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली सर्जन आणि अभियंते एकाच संस्थेत, एकाच कामावर वर्षानुवर्षे राबले. हृदयाच्या झडपेचे आधीचे नमुने फसले, ते का फसले हे त्यांनी तपासले, आणि डिसेंबर 1990 मध्ये चित्रा झडप पहिल्या रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. आपल्याकडे शिवाजी विद्यापीठ 1962 पासून आहे, सीपीआर रुग्णालय आहे, शासकीय आणि खासगी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि विद्यापीठ ते सीपीआर हे अंतर रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांचे आहे.

कुलगुरू आणि अधिष्ठाते यांनी मिळून एक आदेश काढावा. या विषयावरील प्रत्येक संशोधन समितीत एक कार्यरत सर्जन असावा, आणि विद्यार्थ्याने पहिल्या सहा महिन्यांत किमान आठ दिवस शस्त्रक्रियागृहात आणि ड्रेसिंग विभागात उभे राहून जखमा पाहाव्यात. फसलेल्या नमुन्यांची एक सामायिक वही असावी, जिच्यात कोणता गोंद रक्तात किती वेळ टिकला हे लिहिले जाईल, म्हणजे दुसऱ्या प्रयोगशाळेतला विद्यार्थी तेच वर्ष पुन्हा खर्च करणार नाही. यासाठी नवी इमारत लागत नाही.

माझ्याकडून मी दर गुरुवारी दुपारी तीन ते सहा हा वेळ यासाठी मोकळा ठेवला आहे. ज्या प्रयोगशाळेला हवे असेल तिथे मी येईन, सकाळी घेतलेले फुप्फुस आणि कलेजी बर्फात घालून सोबत आणीन, आणि नमुना कसा लावायचा ते विद्यार्थ्यांबरोबर उभे राहून पाहीन. त्या विद्यार्थिनीने गेल्या महिन्यात मला पुन्हा बोलावले होते. तिने गोंदाच्या खाली कायटोसानचा थर दिला आहे आणि रक्त न टिपता केलेला तिचा जोड आता साडेतीनशे ग्रॅम पेलतो. पुढच्या गुरुवारी आम्ही तो फुप्फुसावर लावून पाहणार आहोत.

आपला नम्र,
कोल्हापूर जिल्ह्यातील एक सर्जन